पोरीचा नकाशा आणि शाळेचा कागद



गेल्या उन्हाळ्यात आपण एका वाडीवर सामूहिक दाव्याच्या हद्दीचं काम करत होतो. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या गुरुजींना उगाच ताप नको. शाळेच्या पडवीत बैठक बसली होती. तीन म्हातारी माणसं आणि तीन मतं. एक म्हणतोय हद्द वरच्या झऱ्यापासून धरा, दुसरा म्हणतोय झरा सड्याच्या वर न्हाय, खाली हाय. पोरांनी आणलेलं जीपीएसचं यंत्र झाडीखाली गेलं की गप्प बसायचं. दुपार टळायला आली तरी कागद कोराच.

तेवढ्यात चौथीतली एक पोरगी चुलीतला कोळसा घेऊन आली आणि पडवीच्या फरशीवर काढायला लागली. आधी कुणी लक्ष दिलं नाही. मग एकेक जण वाकून बघायला लागला. तिनं मधोमध वाडी काढली, खाली ओढा, वर सडा. तीन झरे दाखवले. कुठला होळीपर्यंत टिकतो, कुठला मेपर्यंत आणि कुठल्याचं पाणी शेरडं पीत नाहीत, हे तोंडानं सांगत गेली. देवराई काढली. हिरड्याची झाडं ठिपक्यांनी दाखवली. आज्या मोहोळ काढायला जातो तो कडा काढला. म्हातारी माणसं गप्प झाली. शेवटी एक जण म्हणाला, "बरोबर हाय. ती रोज शेरडं घिऊन फिरती, आमी आता कुठं जातुया वर."

दुसऱ्या दिवशी तिच्या नकाशावरून चालत गेलो. एका ठिकाणी चुकली होती. पलीकडची उतरण तिनं आखूड काढली होती, कारण तिकडं ती कधी गेलेलीच नव्हती. बाकी सगळं जुळलं. वडीलधाऱ्यांची लेखी निवेदनं वनहक्काच्या नियमांत पुरावा म्हणून धरली जातात, हे तुम्हाला माहीत आहे. ती निवेदनं आपण त्या कोळशाच्या नकाशासमोर बसून लिहून घेतली.

मग सहज म्हणून तिचं प्रगतीपुस्तक बघितलं. "सुधारणा आवश्यक" या रकान्यात होतं, वाचनात अडखळते, वर्गात बोलत नाही. आणि "आवड, छंद" या रकान्यात होतं, संगणकावर खेळ खेळणे.

वाडीवर संगणक नाही. शाळेत एक आहे, तो बंद आहे.

हसू आलं, मग राग आला. पण राग गुरुजींवर काढून भागत नाही. २०१० पासून आपल्याकडं आकारिक मूल्यमापन आलं. पोरगं फक्त पेपरात काय लिहितं एवढंच न बघता वर्षभर त्याचं बोलणं, करणं, आवड, स्वभाव बघून नोंद करायची, असा त्याचा अर्थ. कल्पना चांगलीच होती. पण नोंदी करायला पोराकडं बघावं लागतं, आणि बघायला वेळ लागतो. दोन गुरुजी, चार वर्ग, वर खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची ड्युटी. मग वर्णनात्मक नोंदींची तयार यादी मोबाईलवर येते, तिच्यातली एकेक ओळ एकेका पोराच्या नावापुढं उतरवली जाते. या पोरीच्या वाट्याला संगणकाची ओळ आली. शेजारच्या पोराला तिकिटं गोळा करण्याचा छंद लागलाय.

या पत्रकात आपण जमिनीवर लिहितो, हद्दीवर लिहितो, वनखात्याच्या नोटिसांवर लिहितो. शाळेवर फारसं लिहीत नाही. शाळा म्हणजे सरकारची, तिथलं सरकार बघेल, अशी आपली जुनी सवय आहे. पण ज्या पोरीनं दाव्याचा नकाशा काढून दिला तिला शाळा मंद म्हणत असेल, तर तो प्रश्न आपला आहे. उद्या जंगल मिळालं तर ते सांभाळणार कोण? हीच.

आपल्या भागात असा प्रश्न पडला की लोक लगेच वाटेगावच्या अण्णाभाऊंचं नाव घेतात. वाळवा तालुक्यातलं वाटेगाव, १९२० चा जन्म. शाळेत गेले ते दीड दिवस. जातीचा जाच आणि मास्तराचा मार, शाळा सुटली ती कायमची. पुढं घरच्यांबरोबर मुंबईला चालत गेले, पडेल ती कामं केली, दुकानाच्या पाट्या वाचत अक्षरं शिकले आणि 'फकिरा' लिहिली. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, शिवाय कथा, पोवाडे, लोकनाट्यं. हे सांगून झालं की सांगणारा म्हणतो, बघा, अंगात गुण असला की तो शाळेवाचून बी बाहेर येतो.

मला हे बोलणं पटत नाही, आणि ते आपल्या माणसांच्या तोंडून ऐकलं की जास्तच लागतं. अण्णाभाऊ शाळेमुळं झाले नाहीत, शाळेनं हाकललं तरी झाले. त्यांच्याबरोबर त्या काळात वारणेच्या आणि कृष्णेच्या खोऱ्यात अशी किती पोरं शाळेच्या दारातून मागं फिरली असतील, ज्यांचं नाव आज कुणाला माहीत नाही? शंभरातलं एक रोप कातळातून वर आलं म्हणून कातळच बरा, असं कोण शेतकरी म्हणेल?

याच मातीत दुसरा माणूस होऊन गेला, त्यानं उलटं केलं. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत, आणि पोरांनीच राबायचं, शेतात, बागेत, स्वयंपाकात. १९२७ ला गांधीजी येऊन बघून गेले. हे आपल्याला शाळेत शिकवतात, भाऊरावांचा फोटो प्रत्येक शाळेत असतो. पण एक गोष्ट तेवढी ठळकपणे सांगत नाहीत. भाऊराव बोर्डिंगवर थांबले नाहीत. जिथं शाळाच नव्हती अशा डोंगरातल्या, आडवळणाच्या गावांत त्यांनी शेकड्यांनी छोट्या छोट्या व्हॉलंटरी शाळा काढल्या. एक मास्तर, देवळाची नाहीतर कुणाच्या पडवीची जागा, गावानं द्यायची मदत. आणि १९३५ ला साताऱ्यात अध्यापकांचं विद्यालय काढलं. म्हणजे ज्या जिल्ह्यात आज आपल्याला सांगतात की वीस पोरांखालची शाळा परवडत नाही, त्याच जिल्ह्यात पारतंत्र्यात तसल्याच शाळा उभ्या राहिल्या होत्या. राज्यभर डोक्यावर घेतलेला हा माणूस आज असता तर पटसंख्येचं पत्रक त्यानं कुठं टाकलं असतं, सांगायची गरज नाही.

पटसंख्येकडं येतोच, पण आधी कुमठ्याचं सांगतो. सातारा तालुक्यात कुमठे बीट आहे. बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालच्या शाळांचा गट, इथं चाळीस शाळा. सगळ्या जिल्हा परिषदेच्या, आपल्यासारख्याच. २०१२ च्या सुमारास तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी शिकवायची पद्धतच फिरवली. बाकं बाजूला, पोरं जमिनीवर गोल करून. फरशीवर अक्षरं, आकडे, रेघा रंगवलेल्या, पोराच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर फळा. गणिताला काड्या. दहा काड्यांचा गठ्ठा बांधला की तो दशक, सुट्या काड्या ते एकक. खडे, बिया, पानं, गोष्टीची चित्रं. मास्तर पुढं उभा राहून सांगतोय आणि पोरं मागून ओरडताहेत, हे बंद. पोरगं स्वतः करून बघतं, चुकतं, शेजारच्याला विचारतं. आणि मुख्य म्हणजे मार नाही, भीती नाही.

राज्यभरातून हजारो शिक्षक गाड्या करून कुमठ्याला बघायला आले. २२ जून २०१५ ला सरकारनं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' असा निर्णय काढला, त्याच्या मागं कुमठ्याचा मोठा वाटा. मग काय झालं ते आपण आपल्या वाड्यांवर बघितलं. फरश्या रंगल्या. रंगाचे पैसे काही ठिकाणी गावानं वर्गणी काढून दिले. कुमठ्याहून शिकून आलेल्या काही गुरुजींनी मनापासून केलं, त्यांच्या वर्गातली पोरं खरंच बोलायला लागली. पण पुष्कळ ठिकाणी रंग आला आणि बाकी जुनंच राहिलं. आकड्यांच्या फरशीवर पोरं रांगेत बसून पाढे म्हणताहेत, असं मी स्वतः बघितलंय. वरून आलेल्या हुकुमानं रंग येतो. पोराकडं बघायची नजर हुकुमानं येत नाही.

आपल्या पोरांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. कुमठ्याची पोरं काड्या मोजायला वर्गात येत होती. कातकऱ्याची पोरं दिवाळीनंतर वर्गात नसतात, वीटभट्टीवर असतात. उसाच्या टोळीबरोबर आई-बाप कऱ्हाडकडं, सांगलीकडं गेले की पोरंही पाठोपाठ. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण ती कागदावरून वाडीपर्यंत चालत येईस्तोवर टोळीची गाडी गेलेली असते. मे महिन्यात पोरगं परत येतं तेव्हा त्याच्या वर्गाचं पुस्तक संपलेलं असतं. भाषेचंही आहे. घरात कातोडी बोलणारं पोर पहिलीत येतं आणि पुस्तकातली मराठी ऐकून गप्प होतं. शाळा म्हणते, लाजतंय. लाजत नाही, त्याला कळत नाही, आणि त्याला जे कळतं ते विचारायची रीत वर्गात नाही.

कोसबाडला ही रीत होती. पालघरकडं, डहाणू तालुक्यात, वारल्यांच्या पाड्यांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ ला गेल्या. त्याआधी १९४५ पासून बोर्डीला त्यांचं काम होतं. त्यांच्या ध्यानात आलं की पोरं शाळेत येत नाहीत कारण ती गुरं राखायला जातात. दुसऱ्यानं पटावर गैरहजर लिहून विषय संपवला असता. त्यांनी शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली, शिकायला शंख-शिंपले, बिया, दगड, काटक्या. पोराला जे दिसतंय तिथून सुरुवात. याला काय खर्च आला असेल? त्याच डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांना वारली चित्रांसाठी १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ ला पद्मश्री. भिंतीवर लग्नाचा चौक काढणाऱ्या बायांची ही कला. शाळेच्या चित्रकलेच्या तासाला मात्र वारल्याच्या पोरांना आंबा आणि घर काढायला लावत होते. पुढं पुरस्कार मिळाल्यावर तीच चित्रं पुस्तकात आली.

इथं मला आपल्याच माणसांशी थोडं भांडायचं आहे. आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, आदिवासी पोराला जंगलाचं ज्ञान आहे, त्याला तुमचं पुस्तकी शिक्षण कशाला? हे ऐकायला गोड आहे. पण ती नकाशाची पोरगी आठवा. झरे तिला माहीत होते. कुठला गट नंबर, किती हेक्टर, किती मीटर, नकाशाच्या एका बोटाला जमिनीवर किती अंतर धरायचं, हे तिला येत नव्हतं. ते आपल्यातल्या शिकलेल्या पोरानं केलं. दावा तयार झाला तो दोन्ही मिळून. तिची नजर तिची आहे, ती शाळेनं दिलेली नाही. पण त्या नजरेला आकडा, अक्षर आणि प्रमाण जोडून देणं हे शाळेचंच काम आहे, आणि तेवढं झालं असतं तर दुसऱ्या कुणाची गरज लागली नसती. तिच्या पोटात पाचवीचं गणित पाहिजे, चांगलं पक्कं पाहिजे. फक्त ते झऱ्यापासून सुरू करा, असं आपलं म्हणणं.

आणि गुणांना वाव देतो म्हणून वर्षातून एकदा स्नेहसंमेलनात पोरांना पाला गुंडाळून सिनेमाच्या गाण्यावर नाचवतात, वर निवेदक सांगतो "आता सादर होत आहे आदिवासी नृत्य", ते तर बंदच करा. घरी पोराचा आजा रात्रभर ढोल वाजवतो. त्याला एकदा शाळेत बोलवायचं कुणाला सुचत नाही.

आता पटसंख्या. डिसेंबर २०१७ ला दहापेक्षा कमी पटाच्या १३०० च्या वर शाळा बंद करून दुसऱ्या शाळांत मिसळायचं ठरलं. सप्टेंबर २०२३ ला पुढचं पत्र आलं, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करा. पोरांना गाडीनं एका मोठ्या शाळेत न्यायचं. नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्याचं पानशेत ही उदाहरणं दिली. राज्यात अशा शाळा चौदा हजारांच्या वर निघतात, आणि जावळी, पाटण, महाबळेश्वर, शिराळ्याच्या डोंगरात तर वीस पोरं एका वाडीवर आणायची कुठून? सांगतात, मोठ्या शाळेत खेळाचं मैदान, प्रयोगशाळा, संगीताला शिक्षक, चित्रकलेला शिक्षक, पोरांच्या गुणांना वाव मिळेल. ऐकायला हेही गोडच. आणि खोटंही म्हणता येत नाही, मोठ्या शाळेत या गोष्टी असू शकतात.

पण गाडी कुठल्या रस्त्यानं येणार? जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या पोरी शिवसागराच्या पाण्यातून स्वतः नाव वल्हवत जायच्या आणि पुढं जंगलातून चालत अंधारीच्या शाळेला. जानेवारी २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयानं ती बातमी वाचून स्वतःहून दखल घेतली. कोयनेच्या पाण्यानं ज्यांची गावं बुडवली, त्यांच्या नाती शाळेला जायला तेच पाणी ओलांडताहेत. शाळा लांब गेली की पहिल्यांदा पोरगी घरी बसते. मग लहान भावंडं सांभाळते, मग तिचं लग्न ठरतं. तिच्यात चित्रकार होती का नकाशे करणारी होती, हे बघायची वेळच येत नाही. संगीताच्या शिक्षकाचा तिला काय उपयोग?

म्हणून माझं म्हणणं एवढंच की पोराचा गुण वाढवायची पहिली अट म्हणजे शाळा त्याच्या पायाच्या अंतरावर असणं, आणि दुसरी म्हणजे त्याला ओळखणारा गुरुजी तिथं टिकणं. चित्रकलेचा शिक्षक महिन्यातून दोनदा वाडीवर येऊ शकतो. सहा वर्षांचं पोर रोज दहा किलोमीटर जाऊ शकत नाही.

आणि हे मागायला आपण हात पसरत नाही. शिक्षण हक्काच्या कायद्याखालचे महाराष्ट्राचे नियम सांगतात की पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत पाहिजे. आपल्या बहुतेक वाड्यांवर शाळा चौथीलाच संपते. त्या कायद्याच्या कलम २९ मध्ये तर पोराचं ज्ञान, त्याची कुवत आणि त्याचे अंगचे गुण वाढवणं, करून बघत शिकणं, होता होईल तो मातृभाषेतून शिकणं, सगळं लिहून ठेवलंय. शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन हिस्से पालक असतात आणि निम्म्या बाया. शाळेचा विकास आराखडा ती समिती करते. आपल्या किती वाड्यांवर त्या समितीची बैठक वहीवरच्या सह्यांपलीकडं जाते?

दुसरा कायदा तर आपलाच आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३ च्या पोटकलम २ मध्ये वनजमीन गावाच्या सोयींसाठी द्यायची तरतूद आहे, आणि त्या यादीत पहिलं नाव शाळेचं आहे. अंगणवाडी आहे, कौशल्य शिकायचं केंद्र आहे. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. शिफारशीशिवाय होत नाही. आजवर आपण हे कलम रस्ता आणि पाण्याच्या टाकीसाठी वापरलं. "वनखात्याची जागा आहे, खोली बांधता येत नाही" असं शाळेच्या बाबतीत कुणी सांगितलं की आपण मान डोलावून परत येतो. पुढच्या वेळी परत येऊ नका. खात्याला म्हणा, तुम्ही प्रस्ताव घाला, ग्रामसभा शिफारस देते. आणि त्याच कायद्यात जैवविविधता आणि पारंपरिक ज्ञानावरचा गावाचा सामूहिक हक्कही मान्य केलाय, कलम ३ पोटकलम १ चा 'ट' बघा. झऱ्यांचं, मोहोळांचं, हिरड्याचं जे ज्ञान वर्गात शून्य मार्कांचं आहे, ते कायद्यात हक्क म्हणून लिहिलेलं आहे. हे गुरुजींना दाखवा. भांडायला नको, नुसतं दाखवा. पुष्कळांना माहीत नसतं.

पुढच्या महिन्यात तीन वाड्यांची हद्द चालायची आहे. त्या दिवशी पोरांना घरी ठेवू नका. शाळेला विचारून सगळ्यांना बरोबर घ्या, गुरुजींनाही घ्या. दोरी घ्या, मोजायला. झाडांची नावं पोरांनी त्यांच्या बोलीत सांगायची, मोठ्या पोरांनी ती लिहायची, अंतर मोजायचं, कागदावर उतरवायचं. म्हाताऱ्यांनी जुन्या खुणा दाखवायच्या. हा भूगोलाचा तास झाला, गणिताचाही झाला, आणि दाव्याचं कामही झालं. गुरुजींनी त्या दिवशीची नोंद प्रगतीपुस्तकात करावी एवढी विनंती. आणि ग्रामसभेच्या ठरावात पाचवीच्या वर्गाची मागणी घालायला विसरू नका.

त्या पोरीचा कोळशाचा नकाशा पहिल्या वळवानं पडवीत पाणी आलं तेव्हा पुसला. आधी तो आपण ड्रॉइंगच्या कागदावर उतरवून घेतला होता. दाव्याच्या फायलीत वडीलधाऱ्यांच्या निवेदनांच्या मागं तो लावलाय, खाली तिचं नाव तिनंच लिहिलंय, एक काना चुकलाय, तसाच ठेवला. ती आता पाचवीला जायची. पाचवी खालच्या गावात आहे, ओढ्याच्या पलीकडं. त्या ओढ्यावर साकव नाही.